लघुग्रह केवढा होता हे कळलं, पण तो आदळला कशावर?

प्रश्न असा आला आहे: "दहा किलोमीटरच्या एका दगडाने पृथ्वीवरचे डायनासोर संपवले म्हणतात. मग १९९४ मध्ये गुरूवर धूमकेतूचे वीसेक तुकडे एकामागोमाग आदळले, तरी गुरूला काहीच कसं झालं नाही? येणाऱ्या वस्तूच्या आकारावरून परिणामाचा अंदाज बांधता येतो का? आणि आपल्यावर पुढचा कधी?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात. निव्वळ आकारावरून अंदाज बांधता येत नाही. मी बरीच वर्षं आघातविवरांतले खडक तपासतोय. विवर किती मोठं आहे हे आम्हीही विचारतोच, पण लगेच पुढचा प्रश्न असतो तो कुठल्या खडकात आहे याचा. येणाऱ्या वस्तूकडे वेग आणि वस्तुमान असतं, म्हणजे ऊर्जा. त्या ऊर्जेचं पुढे काय होणार, हे बरंचसं आघात झेलणाऱ्या ग्रहावर ठरतं. त्याला हवा आहे का, किती दाट आहे, खाली बेसॉल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक) आहे की चुनखडक, बर्फ आहे की मुळात जमीनच नाही.

ऊर्जेचं गणित एकदाच करून घेऊ. पृथ्वीवर बाहेरून येणारी कुठलीही वस्तू सेकंदाला किमान ११.२ किलोमीटर वेगाने आदळते, कारण तेवढा वेग पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच तिला देतं. लघुग्रहांचा नेहमीचा वेग वीस किलोमीटरच्या आसपास असतो. लांबच्या कक्षेतून, पृथ्वीच्या उलट दिशेने येणारा धूमकेतू सत्तरीच्या घरात जाऊ शकतो. वीस किलोमीटर वेगाने निघालेल्या एक किलो दगडात एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या जवळजवळ पन्नासपट ऊर्जा असते. तो दगड स्फोटक असण्याची गरजच नाही, त्याचा वेगच स्फोटक आहे. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट.

यामुळेच विवरं गोल असतात. चिखलात तिरका दगड मारला तर लांबट खड्डा पडतो, आणि चंद्रावरची विवरं तशी नाहीत म्हणून एकेकाळी भल्याभल्या खगोलशास्त्रज्ञांनी ती ज्वालामुखीची मानली होती. पण आघाताच्या वेगाला दगड जमिनीत ढकलला जाऊन थांबत नाही. तो स्वतःच्या व्यासाइतकं अंतर आत जाईपर्यंत प्रचंड दाबाची धक्कालहर त्याच्यातून आणि खालच्या खडकातून धावते. दाब ओसरतो तेव्हा दोन्ही वितळलेले किंवा वाफ झालेले असतात. पुढचं काम स्फोट करतो, आणि स्फोटाला दिशा नसते. फार तिरका, क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांच्या आतला आघात असेल तरच विवर लांबट होतं. विवराचा व्यास साधारणपणे वस्तूच्या दहा ते वीसपट भरतो.

अ‍ॅरिझोनातल्या सव्वा किलोमीटर रुंदीच्या विवराच्या तळाशी लोखंडाचा अवाढव्य गोळा पुरलेला असणार, या खात्रीने खाणतज्ज्ञ डॅनियल बॅरिंजर यांनी आयुष्याची कित्येक वर्षं आणि बरीच संपत्ती तिथे खोदकामात घातली. गोळा मिळाला नाही, कारण त्याचा बहुतेक भाग आघातातच वितळून आणि वाफ होऊन विखुरला होता. मात्र विवर आघाताचंच आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना तिथे कोएसाइट हे खनिज सापडलं. क्वार्ट्झवर, म्हणजे गारेच्या खनिजावर, अतिप्रचंड दाब पडला तरच ते तयार होतं. आजही आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झच्या कणांत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक समांतर रेषा शोधतो. ज्वालामुखीत तशा रेषा तयार होत नाहीत. नुसता गोल खड्डा दाखवून कोणी आघातविवर सापडल्याचं सांगितलं, तर मी आधी खडकाचा पातळ छेद मागतो.

आता आघात झेलणाऱ्याकडे वळू. सगळ्यात वर असते हवा.

पृथ्वीच्या जमिनीवरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवा उभी आहे. शुक्रावर तेवढ्याच जागेवर शंभर किलोच्या आसपास, मंगळावर पंधरा-सोळा ग्रॅम आणि चंद्रावर जवळजवळ शून्य. आघाताचा अभ्यास करणाऱ्याला ग्रहाविषयी एकच आकडा पाठ करायचा असेल तर मी हा सांगेन. त्यावरून पुष्कळ गोष्टी सुटतात. मॅगेलन यानाने रडारने शुक्राचा जवळपास सगळा पृष्ठभाग नकाशात उतरवला. त्यावर हजाराच्या आत-बाहेर विवरं आहेत, पण दोन-तीन किलोमीटरपेक्षा लहान विवर जवळपास नाहीच. लहान दगड तिथल्या हवेतच संपतात. काही ठिकाणी विवर नसताना नुसते डाग दिसतात. तिथे दगड हवेतच फुटला आणि त्याच्या धक्कालहरीने खालची जमीन झोडपून काढली. मंगळावर उलट परिस्थिती आहे. २४ डिसेंबर २०२१ रोजी तिथे पाच ते बारा मीटरची एक वस्तू थेट जमिनीपर्यंत पोचली आणि दीडशे मीटर रुंदीचं विवर करून गेली. पृथ्वीवर तेवढ्याच आकाराचा दगडी तुकडा हवेत लख्ख उजेड पाडून फुटला असता आणि फार तर काही खडे खाली आले असते. चंद्रावर तर अर्ध्या मीटरपेक्षा लहान दगडही पुरतो. १७ मार्च २०१३ रोजी तसा एक आदळताना पृथ्वीवरून चमक टिपली गेली, आणि नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत अठरा मीटरचं ताजं विवर सापडलं.

पृथ्वी यांच्या मधोमध बसते, त्यामुळे इथलं चित्र सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. ३० जून १९०८ ला सायबेरियात तुंगुस्काला पन्नास-साठ मीटरची, बहुधा दगडी, वस्तू जमिनीपासून पाच ते दहा किलोमीटर उंचीवर फुटली. दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं, पण १९२७ मध्ये लिओनिद कुलिक तिथे पोचले तेव्हा त्यांना विवर मिळालं नाही. अ‍ॅरिझोनात आदळलेली वस्तूही आकाराने साधारण तेवढीच होती, पण लोखंडाची. ती हवेतून तरून गेली आणि सव्वा किलोमीटरचं विवर करून बसली. जवळपास सारख्या आकाराच्या या दोन वस्तूंचे परिणाम असे अगदी वेगळे.

हवेत फुटण्याचं कारण उष्णता असावी असा अनेकांचा समज असतो. मुख्य कारण दाब आहे. दगड जसजसा दाट थरात शिरतो तसतसा पुढच्या बाजूचा दाब वाढतो आणि मागच्या बाजूला जवळजवळ पोकळी असते. हा फरक दगडाच्या ताकदीपलीकडे गेला की तो फुटतो. तुकडे पसरतात आणि हवेसमोरचा पृष्ठभाग एकदम वाढतो. मग उरलेली ऊर्जा दोन-तीन सेकंदांत हवेत ओतली जाते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर हेच झालं. वीसेक मीटरचा दगड सेकंदाला एकोणीस किलोमीटर वेगाने उतरत्या तिरप्या मार्गाने आला, तीस किलोमीटर उंचीवर फुटला, आणि सुमारे पाचशे किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा मोकळी झाली. पंधराशेच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक जण काचांनी. झगमगाट पाहून लोक खिडकीशी धावले. प्रकाश लगेच पोचला, धक्कालहरीला यायला मिनिटं लागली, आणि ती आली तेव्हा माणसं काचेपाशीच उभी होती. या सगळ्या विषयातून सामान्य माणसाला प्रत्यक्ष उपयोगाची एकच सूचना मला देता येते. आकाशात डोळे दिपवणारी चमक दिसली तर खिडकीपासून लांब व्हा आणि काही मिनिटं लांबच राहा.

हवेखाली खडक येतो. त्यावर थोडं जास्त बोलायचं आहे, कारण डायनासोरांचा प्रश्न तिथेच सुटतो.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतल्या युकाटानजवळ जे पडलं, त्याचा पहिला माग विवरावरून लागला नव्हता. इटलीत गुब्बिओजवळच्या चुनखडकात दोन युगांच्या मध्ये मातीचा एक पातळ थर आहे. त्यात इरिडियम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पृथ्वीच्या कवचात हा धातू अगदी नगण्य असतो, अशनींत मात्र बऱ्यापैकी. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये त्यावरून आघाताची कल्पना मांडली. तेलाच्या शोधात केलेल्या मोजणीत युकाटानखाली गोलाकार रचना असल्याचं भूभौतिकतज्ज्ञांना तोवर दिसलेलंही होतं, पण दोन्ही धागे जुळून चिक्शुलूबचं विवर म्हणून नाव पक्कं व्हायला १९९१ उजाडलं. व्यास १८० ते २०० किलोमीटर, वस्तू दहाएक किलोमीटरची. रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) २०२४ मध्ये असं दाखवलं गेलं की तो कार्बनयुक्त लघुग्रह होता, मूळचा गुरूच्या पलीकडे घडलेला.

एवढ्या आघाताने जवळपासचं सगळं जाणार हे उघड आहे. कोड्यात टाकणारी गोष्ट ही की पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूचे जीवही गेले, सुमारे तीन-चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. त्याचं मोठं कारण त्या जागी जमिनीखाली काय होतं यात आहे. युकाटानला सुमारे तीन किलोमीटर जाडीचे चुनखडकाचे आणि जिप्सम-अ‍ॅनहायड्राइटचे थर होते, उथळ समुद्राने साठवलेले. अ‍ॅनहायड्राइट म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची वाफ झाली की गंधकाची संयुगं थेट वरच्या वातावरणात जातात. तिथे पाण्याशी मिळून त्यांचे बारीक थेंब बनतात आणि ते सूर्यप्रकाश परत फेकतात. २०१६ मध्ये समुद्रातून विवराच्या आतल्या शिखरवलयात (आघातात उसळून वर आलेल्या टेकड्यांच्या कड्यात) छिद्र पाडून खडकाचे गाभे काढले गेले. आघातानंतर भरून आलेल्या त्या थरांत चुनखडक आणि ग्रॅनाइटचे तुकडे आहेत, कोळसा आहे, पण जो सल्फेट खडक भोवताली मुबलक आहे तो तिथे जवळजवळ नाहीच. तो आकाशात गेला होता.

किती गंधक गेलं यावर अंदाजांत अजून बराच फरक आहे, आणि अलीकडचे काही अंदाज आधीपेक्षा कमी आहेत. गंधकाच्या जोडीला काजळी होती आणि अतिबारीक खडकांची धूळ होती. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या टॅनिस इथल्या थरांतल्या धुळीचे कण मोजून २०२३ मध्ये केलेल्या एका प्रतिमानानुसार प्रकाशसंश्लेषण जवळपास दोन वर्षं बंद पडलं असावं. गंधक, काजळी आणि धूळ यांत मुख्य गुन्हेगार कोण, हा वाद जोरात चालू आहे आणि मला तो निकाली निघालेला वाटत नाही. पण तिन्ही पर्यायांत जीव गेले ते अंधाराने आणि थंडीने. आगीने किंवा धक्क्याने मेले ते त्या मानाने मोजकेच असावेत. दख्खनचे लाव्हा उद्रेकही त्याच काळात सुरू होते. त्यांनी हवामान आधीपासून डळमळीत केलं असेल, पण काळाशी नेमका जुळणारा घाव आघाताचा आहे, या बाजूचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो.

हाच दगड काही मिनिटं आधी किंवा नंतर येऊन खोल महासागरात किंवा जुन्या ग्रॅनाइटवर पडला असता तर? पृथ्वी फिरत असते, त्यामुळे एवढ्या फरकानेही आघाताची जागा शेकडो किलोमीटर सरकते. पूर्ण तुलना कोणालाच करता येणार नाही, पण काही सोबती आहेत. सायबेरियातलं पोपिगाई विवर शंभरेक किलोमीटरचं आहे, साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचं. त्याच सुमाराला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीकचंही विवर झालं. दोन मोठे आघात इतके जवळजवळ येऊनही जीवसृष्टीवर चिक्शुलूबसारखा घाला पडला नाही. कॅनडातलं मॅनिकुआगन विवर असंच प्रचंड आहे, आणि त्याच्या एकवीस कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या तारखेला कुठलाही महाविनाश चिकटवता येत नाही. हे तिन्ही आघात चिक्शुलूबपेक्षा लहान होते, हे मान्य. तरीही विवराच्या आकारावरून विनाशाचा सरळ आलेख काढू नये, एवढं त्यांच्यावरून ठरतं.

बेसॉल्टमधल्या आघाताचा धडा वेगळा आहे. चंद्राचे सपाट काळे भाग आणि मंगळाचा मोठा पृष्ठभाग बेसॉल्टचा आहे, पण पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये पडून टिकलेली विवरं मोजकीच. त्यांत लोणारचं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर सगळ्यात चांगलं जपलं गेलेलं. तिथे प्लेजिओक्लेज या खनिजाची न वितळताच काच झालेली सापडते, तीच मंगळावरून आलेल्या अशनींतही सापडते. यानं पाठवून ग्रहांवरचे खडक आणणं महागाचं असतं, म्हणून बेसॉल्टवर धक्क्याचा परिणाम पाहायचा असेल तर आमची मंडळी लोणारकडे वळतात.

आता गुरू. तिथे जमीनच नाही.

शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू मार्च १९९३ मध्ये कॅरोलिन आणि यूजीन शूमेकर आणि डेव्हिड लेव्ही यांनी शोधला, तेव्हा तो आधीच फुटलेला होता. जुलै १९९२ मध्ये तो गुरूच्या इतक्या जवळून गेला की गुरूच्या भरतीबळांनी (जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतल्या फरकाने) त्याचे तुकडे केले. मूळ धूमकेतू दीड-दोन किलोमीटरचा असावा. त्याला फोडायला एवढंच बळ पुरलं, यावरून तो किती ठिसूळ, नुसता सैल ढीग होता ते कळतं. १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात ते तुकडे सेकंदाला साठ किलोमीटर वेगाने गुरूच्या दक्षिण भागात शिरले. आघाताच्या जागा पृथ्वीवरून पाहता गुरूच्या कडेच्या जरा पलीकडे होत्या, पण गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाला त्या थेट दिसत होत्या. हबल दुर्बिणीला कडेवरून वर आलेले, तीन हजार किलोमीटर उंचीचे फवारे दिसले. १८ जुलैला पडलेल्या ‘जी’ नावाच्या तुकड्याचा काळा डाग पृथ्वीएवढा पसरला, आणि असे डाग काही महिने साध्या दुर्बिणीतूनही दिसत होते.

म्हणजे "काहीच झालं नाही" हे अगदी खरं नाही. विवर पडलं नाही, कारण पडायला पृष्ठभाग नव्हता. तुकडे वायूत खोल जाताजाता विरघळले आणि ऊर्जा त्याच वाटेने उलट वर उसळली. गुरू पृथ्वीच्या तीनशेपटींहून जास्त वजनाचा. डाग वाऱ्यांनी ताणले, फिकट केले आणि मिसळून टाकले. तरी खूण राहिली. हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१३ मध्ये असं दिसलं की गुरूच्या वरच्या वातावरणातलं बहुतेक पाणी याच धूमकेतूचं आहे, आणि आघाताच्या बाजूला, म्हणजे दक्षिण गोलार्धात, ते अजूनही जास्त आहे.

माझ्या मते त्या आठवड्याचा सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच होता. अवरक्त दुर्बिणींना सर्वांत तेजस्वी चमक आघाताच्या क्षणी दिसली नाही. ती सुमारे सहा मिनिटांनी सुरू झाली, वर फेकला गेलेला फवारा पुन्हा वातावरणावर कोसळू लागला तेव्हा. चार वर्षं आधी, १९९० मध्ये, ग्रहशास्त्रज्ञ जय मेलॉश आणि सहकाऱ्यांनी चिक्शुलूबच्या प्रकारच्या आघातासाठी असंच मांडलं होतं: अवकाशात उडालेला मलबा जगभर परत पडताना हवा इतकी तापवील की खालची झाडं पेटतील. पृथ्वीवर ही आग किती पसरली याबद्दल आज बऱ्याच शंका आहेत. पण मलबा परत पडताना हवा तापते, ही मूळ यंत्रणा खरी आहे हे गुरूवर डोळ्यांदेखत दिसलं. प्रश्नकर्त्याने जी दोन उदाहरणं एकमेकांच्या विरुद्ध म्हणून मांडली, त्यांतल्या एकाने दुसऱ्यातला काही भाग समजावला, तो असा. गुरूवर असे प्रसंग विरळाही नाहीत. जुलै २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना तिथे नवा काळा डाग दिसला. पुढच्या वर्षी त्यांनीच आघाताची चमकही टिपली.

धूमकेतू आणि लघुग्रह यांतला फरक थोडक्यात. धूमकेतू हलका असतो. ६७पी या धूमकेतूची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी भरली. पण तो वेगवान असतो, आणि लांबून येणारा धूमकेतू फार उशिरा दिसतो. सायडिंग स्प्रिंग हा धूमकेतू जानेवारी २०१३ मध्ये सापडला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मंगळापासून सुमारे एक लाख चाळीस हजार किलोमीटरवरून सेकंदाला छप्पन्न किलोमीटर वेगाने निघून गेला. मध्ये दोन वर्षंसुद्धा नव्हती. नुसत्या धुळीनेही मंगळाच्या वरच्या हवेत मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या आयनांचा थर बसला, तो मावेन यानाने मोजला. पृथ्वीवरच्या आघातांत मात्र धूमकेतूंचा वाटा थोडाच आहे. पृथ्वीचं पाणी धूमकेतूंनी आणलं हे वाक्य अजून जागोजाग छापलं जातं. ६७पीच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्रांच्या तिपटीहून जास्त निघालं, तेव्हा तसल्या धूमकेतूंकडून समुद्र आले असतील याबद्दल शंका घेतली गेली. काही लघुग्रहांशी समुद्राचं प्रमाण बरंच जुळतं.

दोन गैरसमज वारंवार समोर येतात. एक, आघाताने पृथ्वीची कक्षा बदलते. चिक्शुलूबच्या लघुग्रहापेक्षा पृथ्वी सुमारे चार अब्जपट जड आहे. पृथ्वीच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला मिलिमीटरच्या एका शतांशाहूनही कमी होता. कक्षा, अक्ष वगैरे हलवायचं असेल तर चंद्र ज्यातून जन्मला तसली, मंगळाएवढ्या ग्रहाशी टक्कर हवी, आणि ते दिवस साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच सरले. दुसरा, समुद्रात पडलेला प्रत्येक दगड राक्षसी त्सुनामी आणतो. पन्नास-शंभर मीटरच्या दगडाने उठलेल्या लाटांची लांबी भूकंपाच्या त्सुनामीपेक्षा खूप कमी असते, त्यामुळे त्या लांबवर जाताना लवकर विरतात. चिक्शुलूबची गोष्ट वेगळी, तिथे सगळा मेक्सिकोचा आखातच ढवळला गेला.

राहिला पुढचा कधी हा प्रश्न. चेल्याबिन्स्कएवढी वस्तू काही दशकांतून एकदा येते. एकशेचाळीस मीटरची वीसेक हजार वर्षांतून एकदा, एक किलोमीटरची पाच लाख वर्षांतून एकदा, आणि दहा किलोमीटरची दहा कोटी वर्षांच्या पल्ल्यातली गोष्ट. ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे. आता आपली वेळ भरली आहे अशा बातम्यांना काही अर्थ नाही, दगडांना मागची तारीख ठाऊक नसते. एक किलोमीटरपेक्षा मोठे जवळचे लघुग्रह बहुतेक सगळे सापडले आहेत आणि त्यांतला एकही येत्या शतकात पृथ्वीच्या वाटेवर नाही. काळजी आहे ती मधल्या आकाराची, म्हणजे पन्नास ते तीनशे मीटर. यांतले बरेच अजून सापडायचे आहेत. सूर्याच्या दिशेने येणारे तर जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाहीत, चेल्याबिन्स्कचा तसाच आला.

शक्यतेचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेली आणि काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. शास्त्रज्ञांनी मत बदललं असा त्याचा अर्थ नाही. लघुग्रह त्या दिवशी कुठे असू शकेल याचा पट्टा सुरुवातीला खूप रुंद असतो आणि पृथ्वी त्यातला छोटा भाग व्यापते. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी जोवर त्याच्या आत असते तोवर तिचा हिस्सा, म्हणजे शक्यता, वाढत जाते. पट्टा आणखी आखडून पृथ्वी त्याच्या बाहेर पडली की आकडा एकदम कोसळतो. पुढच्या वेळीही बहुधा असंच होईल. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून बत्तीस हजार किलोमीटरवरून जाणार आहे, दूरसंचार उपग्रहांच्या कक्षेपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही, हे नक्की झालेलं आहे.

आदळणारा वेळेत सापडलाच तर त्याला ढकलता येतं, हे २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने दाखवलं. पाचशे ऐंशी किलोच्या आसपासचं यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने दिमॉर्फस या दीडशे-एकशेसाठ मीटरच्या लघुग्रहावर आदळलं, आणि सोबतच्या डिडिमॉसभोवती फिरण्याचा त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा काळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. यानाने दिलेल्या रेट्यापेक्षा परिणाम साडेतीनपटीच्या आसपास निघाला, कारण आघाताने मलबा मागे उडाला आणि त्यानेही लघुग्रहाला पुढे ढकललं. हा गुणक दिमॉर्फस सैल खड्यांचा ढीग असल्यामुळे इतका आला असावा. घट्ट खडक असता किंवा नुसती भुसभुशीत, छिद्राळ वस्तू असती तर आकडा वेगळा निघाला असता. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघालं आहे. दिमॉर्फसचं वस्तुमान, त्याची आतली घडण आणि डार्टने केलेली जखम ते जवळून मोजणार आहे. त्यानंतरच हा साडेतीनचा आकडा दुसऱ्या लघुग्रहाला किती लागू पडेल, ते सांगता येईल.